लास उएल्गास : बुर्गोसच्या नन्सचा मठ, राजांची थडगी आणि आबादेसाबाईंचा दरारा

पायवाट

बुर्गोसला येणारे बहुतेक जण कॅथीड्रल बघतात, मोर्सिया खातात (भात घालून केलेलं रक्ताचं सॉसेज, शाकाहारींनी ही ओळ वाचली नाही असं समजावं) आणि पुढची गाडी पकडतात. आर्लान्सोन नदी ओलांडून पश्चिमेला वीसेक मिनिटं चाललं की एक मठ लागतो. तिकडे पाय वळवणारे त्यामानाने कमीच. उत्तर स्पेनमध्ये एकच वास्तू दाखवा असं मला कोणी सांगितलं, तर मी कॅथीड्रल सोडून या मठातच नेईन.

नाव आहे सांता मारिया ला रेआल दे लास उएल्गास. सिस्टर्शियन पंथाच्या नन्सचा हा मठ ११८७ साली स्थापन झाला आणि नन्स तिथे आजही राहतात.

ज्यांना पंथाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १०९८ साली फ्रान्समधल्या सितो इथे काही बेनेडिक्टाइन साधूंनी नवा मठ काढला. ऐषाराम नको, अंगमेहनत हवी, संत बेनेडिक्टचा नियम शब्दशः पाळायचा, असा त्यांचा बाणा. सितोवरून पंथाचं नाव पडलं. पुढे क्लेअरव्हो मठाचा प्रमुख, संत बेर्नार आला आणि पंथ युरोपभर पसरला. बायकांचा पहिला मठ दिजोंजवळ तार इथे ११२० च्या दशकात निघाला, पण पंथातले पुरुष यावर कधीच फारसे खूश नव्हते. नन्सच्या मठांची जबाबदारी घ्यायची म्हणजे त्यांना पाद्री पुरवा, हिशेब तपासा, भांडणं सोडवा. शेवटी १२२८ साली पंथाच्या महासभेने ठराव करून टाकला की यापुढे नन्सचे नवे मठ पंथात घ्यायचे नाहीत. लास उएल्गासचं दार त्याआधीच आत सरकलं होतं, आणि तेही राजाचा हात धरून.

राजा म्हणजे कास्तीलचा (स्पेनमधलं तेव्हाचं एक राज्य) आठवा आल्फोन्सो. राणी लेओनोर ही इंग्लंडचा दुसरा हेन्री आणि आकितेनची एलिनोर यांची मुलगी. राणीचं माहेर इथे महत्त्वाचं आहे. तिच्या माहेरच्या घराण्याची दफनभूमी म्हणजे फ्रान्समधला फोंतेव्रो मठ. तिथे साधू आणि नन्स दोघंही असत आणि सगळ्यांची प्रमुख एक बाई असे. असा मठ माहीत असलेल्या राणीने सासरी काय मागितलं असेल हे ओळखायला फार डोकं लागत नाही.

पहिली आबादेसा (मठाची प्रमुख नन, हाच शब्द पुढे वापरते) नावारेतल्या तुलेब्रास मठातून आणली. तिचं नाव मिसोल. ११८८ मध्ये पोपची मान्यता आली. ११८९ मध्ये कास्तील-लेओनमधल्या इतर सिस्टर्शियन नन्सच्या आबादेसा इथे सभेला जमल्या आणि लास उएल्गास त्या सगळ्यांची मुख्य शाखा झाली. ११९९ मध्ये राजाराणींनी मठ थेट सितोच्या अधिकाराखाली दिला आणि आम्हाला इथेच पुरा असं वचनही लिहून दिलं. बुर्गोसच्या बिशपचा त्यावर काडीचा अधिकार उरला नाही.

आता इमारत. चर्चचा आराखडा क्रुसाचा आहे. लांब दालन, त्याला छेदणारं आडवं दालन, पूर्वेला वेदी. वेदीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन चौकोनी चॅपेल्स, म्हणजे छोटी प्रार्थनागृहं. इथवर सगळं शिस्तीत आहे. गंमत अशी की सामान्य माणसाला फक्त आडव्या दालनात प्रवेश. लांब दालन, म्हणजे इतर कोणत्याही चर्चमध्ये गावकरी जिथे बसतात ती सगळी जागा, भिंत घालून नन्ससाठी बंद केलेली आहे. त्यांची लाकडी आसनं तिथे, त्यांचं प्रार्थनागायन तिथे, राजाराणीची जोडथडगी त्यांच्या मधोमध. तुम्ही उत्तरेच्या बाजूने आत येता, आडव्या दालनात उभे राहता आणि लक्षात येतं की या चर्चचा मोठा भाग तुमच्यासाठी नाहीच. इथे पाहुणे आपण आहोत.

त्या भिंतीपाशी लोखंडी, सोनेरी मुलामा दिलेलं व्यासपीठ आहे, १५६० चं. ते फिरतं. प्रवचन नन्ससाठी असेल तर आत वळवायचं, लोकांसाठी असेल तर बाहेर. एकाच पाद्र्यात दोन्ही कामं!

बाकी चौक, घुमट, थडगी यांवर प्रतिसादांत बोलू. प्रश्न विचारा, मला लिहायला निमित्त हवंच आहे.

---

जुना चष्मा

वाचनखूण साठवली आहे. ते १२२८ च्या ठरावाचं वाचून हसू आलं. सभा, ठराव, जबाबदारी झटकणं, आठशे वर्षांत फरक नाही. आमच्या सोसायटीचं इतिवृत्त दाखवू का?

---

उगाचच

लेख छान. पण जरा खवचट प्रश्न विचारतो. हा सगळा प्रकार म्हणजे राजघराण्यातल्या लग्न न झालेल्या लेकींची शाही सोय ना? त्यात 'दरारा' कुठून आला? राजाने दिलं म्हणून मिळालं, उद्या काढून घेतलं असतं.

---

पायवाट

@उगाचच, प्रश्न खवचट नाही, रास्त आहे. लेकींची सोय होतीच. राजाची मुलगी कोन्स्तान्सा इथेच नन झाली. पुढे राजा तिसऱ्या फेर्नांदोची मुलगी बेरेंगेला इथे आली. अशा राजकन्या आबादेसा नसत. त्यांना 'सेन्योरा', म्हणजे मठाची मालकीण म्हणा, असं वेगळं स्थान असे. आबादेसा कारभार बघणार, सेन्योरा दरबारात वजन वापरणार.

आणि राजाने काढून घेतलं असतं म्हणता, पण घेतलं नाही ना कोणी! आबादेसेचे अधिकार पोप नववा पायस याने १८७३ साली काढले. ११८७ ते १८७३, मोजा तुम्हीच. एवढ्यात कास्तीलची किती घराणी आली आणि गेली.

अधिकार कसले, तर मठाच्या मालकीच्या गावांमध्ये न्यायनिवाडा तिचा, अधिकारी नेमणार ती, सारा तिच्याकडे. ही झाली जमीनदारी. अशी जमीनदारी युरोपात अनेक मठांकडे होती, त्यात बायकांचेही होते. खरा तिढा धार्मिक अधिकारांचा आहे. त्यावर कोणी चर्चमधलं जाणकार बोललं तर बरं.

---

बावखल

मी वसईचा, कॅथलिक. जाणकार वगैरे नाही, पण लहानपणी वेदीसेवक होतो आणि नंतर चर्चच्या कायद्याचं थोडं वाचलं आहे.

पाद्री होण्याची दीक्षा मिळाली म्हणून कोणी कुठेही पापनिवेदन (कन्फेशन, म्हणजे भाविकाने पाद्र्यापाशी दिलेली पापांची कबुली) ऐकू शकत नाही. त्यासाठी बिशपची परवानगी लागते. म्हणजे दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक, दीक्षेने येणारं सामर्थ्य: मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) अर्पण करणं, पापक्षमा देणं. दुसरी, अधिकारक्षेत्र: कुठे, कोणावर, कोणाच्या परवानगीने. पहिलं सामर्थ्य आबादेसेला कधीच नव्हतं, बाईला दीक्षाच नाही. दुसरं मात्र लास उएल्गासच्या आबादेसेकडे होतं. तिच्या हद्दीत मिस्सा करायची, पापनिवेदन ऐकायचं, प्रवचन द्यायचं, तर पाद्र्याला परवानगी तिच्याकडून घ्यावी लागे. जे काम बिशप करतो ते ती करत होती, फक्त दीक्षा वगळून.

आमच्या आजीला हे सांगितलं असतं तर तिने क्रुसाची खूण केली असती.

---

उगाचच

@बावखल काका, हे मात्र भारी आहे. म्हणजे पाद्रीबुवा रांगेत उभे आणि सही बाईंची.

---

पायवाट

बावखल काका, फार नेमकं सांगितलंत. त्यात एक भर घालते.

१२१० साली पोप तिसरा इनोसंट याने एक पत्र धाडलं. बुर्गोस आणि पालेन्सियाच्या बिशपांना आणि मोरिमोंच्या (फ्रान्समधला सिस्टर्शियन मठ) मठाधिपतीला. पत्राचा आशय असा: तुमच्या भागातल्या काही आबादेसा आपल्या नन्सना आशीर्वाद देतात, त्यांचं पापनिवेदन ऐकतात, शुभवर्तमान वाचून जाहीर प्रवचन करतात असं आमच्या कानावर आलं आहे, हे विचित्र आहे, ताबडतोब थांबवा. कुमारी मारिया सगळ्या प्रेषितांपेक्षा श्रेष्ठ खरी, पण येशूने स्वर्गराज्याच्या किल्ल्या तिला दिल्या नाहीत, प्रेषितांना दिल्या, असा युक्तिवादही त्यात आहे.

पत्रात मठाचं नाव नाही. पण बुर्गोस भागातल्या आबादेसा म्हटल्यावर बोट कुणाकडे जातं ते दिसतंच. मला त्यातलं आवडतं ते हे की बंदी घालावी लागली, म्हणजे त्या हे करत होत्या. तेही चोरून नाही, जाहीरपणे.

त्यानंतर पापनिवेदन ऐकणं थांबलं असावं, पण परवानगी देण्याचा अधिकार साडेसहाशे वर्षं टिकला.

---

उगाचच

ठीक, दरारा मान्य. पण त्या गावातल्या शेतकऱ्याला काय, सारा वसूल करणारा माणूस बाईचा असो की बुवाचा.

---

पायवाट

काहीच फरक नाही, बरोबर. मठाच्या आतही समता नव्हती. १२५७ मधल्या व्यवस्थेत १०० नन्स, ४० मुली आणि ४० सेविका अशी संख्या ठरवली होती. नन्स उमराव घराण्यातल्या. मुली म्हणजे पुढे नन होणार म्हणून तिथेच वाढवल्या जाणाऱ्या. सेविकांनाही व्रत होतं, पण स्वयंपाक, धुणं, पाणी त्यांच्याकडे. सितोच्या साधूंनी अंगमेहनतीचा जो नियम केला होता, तो इथे दुसऱ्याच्या अंगाने पाळला गेला.

बायकांचं स्वातंत्र्य वगैरे मोठे शब्द मी म्हणूनच वापरले नाहीत. सत्ता होती आणि ती बाईच्या हातात होती, एवढंच.

---

सुतारपक्षी

वास्तुरचनेवर लिहा हो ताई. मी इमारतीसाठी आलो आणि इथे तर कायद्याचा तास चालू आहे. १) काय आधी बांधलं, काय नंतर? २) सिस्टर्शियन म्हणजे कोरी भिंत, रंगीत काच नाही, मूर्ती नाहीत, दगडी मनोरा नाही. मग मी फोटोत पाहिलेलं ते नक्षीकाम काय आहे?

---

पायवाट

@सुतारपक्षी, याचीच वाट बघत होते.

सगळ्यात जुना भाग 'क्लाउस्त्रियास', म्हणजे धाकटा चौक. बाराव्या शतकाच्या शेवटचा. आपल्या वाड्यात मधला चौक आणि भोवती ओसरी असते, तसंच, फक्त ओसरीला दगडी कमानी. कमानी अर्धगोल, खाली खांबांच्या जोड्या, खांबांच्या माथ्यावर पानं. माणसं नाहीत, राक्षस नाहीत. (संत बेर्नारने मठाच्या चौकातल्या माकडा-सिंहांच्या शिल्पांवर चांगलंच तोंडसुख घेतलं होतं, साधू पोथी सोडून ते बघत बसतात म्हणून.) मधल्या काही खांबांच्या माथ्यावर मात्र छोट्या छोट्या इमारती कोरल्या आहेत, बुरूज, कमानी, खिडक्या. कोरणाऱ्याचा हात शिवशिवला असणार. नियम प्राण्यांना होता, घरांना नव्हता!

त्यानंतर मोठं चर्च. हे गॉथिक (टोकदार कमानी आणि फासळ्यांच्या छताची शैली), आणि त्या काळच्या कास्तीलमध्ये नवंकोरं. १२०३ च्या एका दस्तऐवजात मठ बांधणारा म्हणून उस्ताद रिकार्दोचं नाव येतं. राजाने त्याला बक्षिसी दिली होती. नाव कास्तीलचं वाटत नाही. वेदीकडच्या चॅपेल्सची छतं मध्यभागी चांगलीच उचललेली, फुगीर आहेत. ही पद्धत फ्रान्समधल्या आंजूची, म्हणजे पुन्हा लेओनोरच्या माहेरची. काम तेराव्या शतकात बरंच रेंगाळलं. १२७९ मध्ये चर्चची प्रतिष्ठापना झाली, तेव्हा राजाराणींना जाऊन पासष्ट वर्षं झाली होती.

मोठा चौक, सान फेर्नांदोचा, आणि सभागृह तेराव्या शतकातले. सभागृह चौकोनी, आत चार सडपातळ खांब आणि त्यांच्यावर तोललेले छताचे नऊ भाग. आत गेलात की आधी वर बघा.

आता नक्षी. याच मठात 'आसुन्सियोन' नावाचं एक छोटं चॅपेल आहे. तिथे एकमेकांत गुंतलेल्या पाकळीदार कमानी, आठ बाजूंचा घुमट, त्यात पट्ट्यांनी गुंफलेली तारेची आकृती. हे अल्मोहाद काम आहे. अल्मोहाद म्हणजे मोरोक्को आणि दक्षिण स्पेनवर राज्य करणारं मुस्लिम घराणं, ज्याच्याशी आल्फोन्सो आयुष्यभर लढला. कारागीर दक्षिणेतून आलेले. मोठ्या चौकाच्या छतावर चुन्याच्या गिलाव्यातलं नक्षीकाम आहे: मोर, काल्पनिक प्राणी, कास्तीलचं राजचिन्ह असलेले किल्ले आणि मधून अरबी अक्षरांच्या ओळी. कित्येक वर्षं ते पांढऱ्या रंगाखाली दडलं होतं. आज जे दिसतं ते तुकड्यातुकड्यांनी, पण बघणाऱ्याला पुरेसं.

---

सुतारपक्षी

म्हणजे चर्च बाहेरून सिस्टर्शियन, आत राणीच्या माहेरचं आणि चौकाचं छत शत्रूचं. मजा आहे. आंजूच्या छताचा संदर्भ माहीत नव्हता, धन्यवाद. उचललेल्या छतात फासळ्या बारीक ठेवता येतात, वजन भिंतीकडे सरळ उतरतं, त्यामुळे बाहेरून मोठे टेकू लागत नाहीत. लहान चॅपेलसाठी सोयीची युक्ती आहे.

---

उगाचच

शत्रूशी लढायचं आणि त्याच्याच गवंड्याकडून देवघर बांधून घ्यायचं. बेर्नारबाबा काय म्हणाले असते?

---

रेशीमधागा

बेर्नारबाबांना थडग्यांच्या आतलं दाखवलं असतं तर ते तिथेच बसले असते! मी वस्त्रविद्येची विद्यार्थिनी. लास उएल्गासचं नाव आमच्याकडे चर्चसाठी नाही, कापडांसाठी घेतात.

१८०८ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने इथली थडगी फोडली, मौल्यवान वस्तू नेल्या. पण त्यांना हवं होतं सोनं. कापड त्यांनी तसंच टाकलं. १९४० च्या दशकात मानुएल गोमेस-मोरेनो या अभ्यासकाच्या देखरेखीखाली थडगी पद्धतशीर उघडली, तेव्हा आत कपडे निघाले. झगे, अंगरखे, टोप्या, उशा, शवपेट्यांची अस्तरं. कोरडी हवा आणि दगडी पेट्या यांनी ते जपले. १९४६ मध्ये त्याने सविस्तर वृत्तान्त छापला आणि १९४९ पासून मठातच या कापडांचं संग्रहालय आहे. तेराव्या शतकातले खऱ्या माणसांनी घातलेले कपडे, इतके आणि एकाच ठिकाणी, युरोपात दुसरीकडे सापडणं मुश्कील.

फेर्नांदो दे ला सेर्दाचं थडगं फ्रेंचांच्या हाती लागलंच नाही. दहाव्या आल्फोन्सोचा थोरला मुलगा, १२७५ मध्ये वारला. किल्ले आणि सिंह विणलेला संपूर्ण पोशाख, वर टोपी, कमरपट्टा, तलवार, सगळं जागच्या जागी. त्या काळचा राजपुत्र नखशिखान्त कसा दिसे, हे चित्रावरून नाही, प्रत्यक्ष कापडावरून सांगता येतं.

आणि माझी लाडकी वस्तू म्हणजे राणी बेरेंगेलाच्या डोक्याखालची उशी. (आठव्या आल्फोन्सोची थोरली मुलगी.) तांबडी, मध्ये गोल पदक, पदकात दोन आकृत्या आणि अरबी लिपीत 'अल्लाहशिवाय देव नाही'. मठात पुरलेली कट्टर कॅथलिक राणी, डोकं त्या अक्षरांवर.

---

उगाचच

आता मला उत्तर द्याच. विणकराने चूक केली, की राणीला वाचता येत नव्हतं?

---

रेशीमधागा

दोन्ही नाही. आंदालुसी, म्हणजे मुस्लिम स्पेनमधलं, रेशीम हे त्या काळात उंचीपणाचं परिमाण होतं. विकत येई, खंडणीत येई, भेटीत येई, लुटीत येई. कास्तीलच्या दरबाराला अरबी अक्षरं परकी नव्हती. आल्फोन्सोने स्वतः सोन्याची नाणी काढली ती अरबी मजकुराची, मजकूर मात्र ख्रिस्ती. ज्या राज्याचं चलन अरबीत बोलतं त्याच्या राणीला उशीवरच्या ओळीचं काय वाटणार.

---

जुना चष्मा

लास नावासच्या लढाईचा झेंडा पण इथेच आहे ना? १२१२ मध्ये अल्मोहाद खलिफाला हरवलं आणि त्याच्या तंबूच्या दाराचा पडदा आणला, असं पाठ्यपुस्तकी चित्र डोक्यात आहे.

---

रेशीमधागा

इथेच आहे. जवळपास तीन मीटर उंच, रेशीम आणि सोन्याची जर, मध्ये तारा, कडेने कुराणातल्या ओळी. अप्रतिम. पण अलीकडचे बरेच अभ्यासक मानतात की तो त्या लढाईतला नाही. अल्मोहाद आहे हे नक्की, मात्र तिसऱ्या फेर्नांदोने नंतर दक्षिणेत ज्या मोहिमा केल्या, त्यांतून तो मठाला मिळाला असावा. लढाईचं नाव त्याला पुढे चिकटलं. कॉर्पस क्रिस्तीच्या सणानंतरच्या शुक्रवारी बुर्गोसमध्ये 'कुरपियोस' नावाचा उत्सव असतो, त्यात ध्वजाची मिरवणूक निघते. तिथे जाऊन हे सांगू नका, लोक प्रेमाने बघणार नाहीत.

---

तंबोरा

संगीतावर कोणीच बोललं नाही म्हणून घुसतो. या मठात एक हस्तलिखित आहे, 'लास उएल्गासचा कोडेक्स', चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचं, चर्मपत्रावर. १९०४ मध्ये सिलोसच्या बेनेडिक्टाइन साधूंच्या नजरेला पडलं, तोवर अभ्यासकांना त्याचा पत्ता नव्हता. १९३१ मध्ये इजिनी आंग्लेस याने ते छापून प्रसिद्ध केलं.

आत १८० च्या वर रचना आहेत आणि त्यांतल्या बहुतेक अनेक आवाजांच्या. म्हणजे दोन किंवा तीन ओळी एकाच वेळी, प्रत्येकीची चाल वेगळी. सिस्टर्शियन पंथाचा कल अशा गाण्याच्या विरोधात होता. एक आवाज, सरळ चाल, शब्द स्पष्ट. इथल्या नन्सनी पॅरिसची त्या काळची ताजी चीज उचलली, स्वतःची भर घातली, वर रियाजासाठी दोन आवाजांत सूर घोकण्याचा एक पाठही लिहून ठेवला. त्या पाठाचे बोल नन्सनाच उद्देशून आहेत. मला तो पाठ सगळ्या संग्रहात जास्त प्रिय आहे. सादर केलेल्या गाण्याची पोथी कोणीही ठेवतो, शिकवणीची वही कोण ठेवतं?

विलापगीतंही आहेत. एक आठव्या आल्फोन्सोच्या मृत्यूवर, आणि एक मठाच्याच एका आबादेसेच्या मृत्यूवर. राजा आणि बाई एकाच पोथीत.

ध्वनिमुद्रणं बरीच निघाली आहेत. बायकांच्या आवाजातली निवडून ऐका, पुरुषांच्या गटांनीही गायलं आहे, पण मग तो पाठ हास्यास्पद वाटतो.

---

पायवाट

@तंबोरा, दंडवत! त्या बंद दालनाचा नाद कसा असेल याचा विचार करून मी तिथे उगाच घसा खाकरला होता. मार्गदर्शक बाईंनी ज्या नजरेने पाहिलं, त्या पुढच्या आबादेसा होऊ शकतात.

---

मांडवीतीर

गोव्याहून. ओल्ड गोव्याचा सांता मोनिका कॉन्व्हेंट आठवला. तोही नन्सचा, शाही आश्रयाचा, प्रचंड. सिस्टर्शियनच का तो?

---

बावखल

नाही, सांता मोनिका ऑगस्टिनियन नन्सचा. आर्चबिशप आलेशो द मेनेझिस याने १६०६ मध्ये काढला, बांधकाम १६२७ ला पुरं झालं, पुढे १६३६ च्या आगीनंतर पुन्हा बांधावा लागला. बाहेरचे ते दगडी टेकू बघितले असतील तुम्ही. नन्सची जागा जाळीआड आणि लोक अलीकडे, हा मामला मात्र दोन्हीकडे आहे. कडक बंदिवासाचं व्रत असलं की चर्च असंच बांधावं लागतं.

---

पायवाट

गोव्याचा विषय निघालाच आहे तर एक खराखुरा धागा जुळतो, आणि गोष्ट रंगतदार आहे.

पोर्तुगालचा राजा सेबास्तियाँ १५७८ मध्ये मोरोक्कोत लढाईत मेला. गोवा तेव्हा त्याचाच. त्याला मूल नव्हतं. १५८० मध्ये स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने पोर्तुगाल घेतलं, त्याबरोबर गोवाही फिलिपच्या छत्राखाली आला. पण पोर्तुगालमध्ये अनेकांचा विश्वास होता की सेबास्तियाँ जिवंत आहे, परत येणार.

कास्तीलमधल्या माद्रिगाल गावात ऑगस्टिनियन नन्सचा मठ होता. तिथे दोन्या आना दे आउस्त्रिया नावाची तरुण नन होती, फिलिपचा सावत्र भाऊ दोन हुआन याची अनौरस मुलगी. तिच्या मनाविरुद्ध लहानपणीच मठात टाकलेली. १५९४ मध्ये गावात गाब्रिएल दे एस्पिनोसा नावाचा पेस्ट्रीवाला आला. मठातल्या एका पोर्तुगीज पाद्र्याने आनाला पटवलं की हाच राजा सेबास्तियाँ. तिने त्याला दागिने दिले, लग्नाच्या गोष्टी झाल्या. प्रकरण फुटलं. पेस्ट्रीवाला १५९५ मध्ये फासावर गेला, पाद्रीही. आनाला दुसऱ्या मठात कोंडलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण फिलिप वारला, दिवस बदलले आणि १६११ मध्ये हीच आना लास उएल्गासची आबादेसा झाली. पंथ बदलायला पोपची सूट, आणि तहहयात नेमणुकीलाही सूट, कारण तोवर आबादेसा ठरावीक मुदतीसाठी निवडत. १६२९ मध्ये मरेपर्यंत ती गादीवर होती. ज्या मुलीला कोणी कधी काही विचारलं नव्हतं, तिच्याकडे पाद्री परवानगी मागायला येऊ लागले.

---

उगाचच

यावर वेबसिरीज काढा रे कोणीतरी. मी पेस्ट्रीवाला.

---

जुना चष्मा

राज्याभिषेकही इथे व्हायचे असं वाचलं होतं. आणि एक हात हलणारा पुतळा आहे म्हणे?

---

पायवाट

आहे. सान्तियागो चॅपेलमध्ये, तेराव्या शतकातला, बसलेला संत सान्तियागो, हातात तलवार आणि हात सांध्यात हलतो. परंपरा सांगते की राजाला सरदारकीची दीक्षा देताना खांद्यावर तलवार टेकवायला राजाहून मोठा माणूस कुठून आणायचा, म्हणून संताचा पुतळाच ते करी. मी परंपरा म्हणते आहे हे लक्षात घ्या. नोंदलेली गोष्ट माझ्या मते त्याहून भारी आहे. १२१९ मध्ये तिसऱ्या फेर्नांदोने याच मठात वेदीवरची तलवार स्वतः उचलून कमरेला बांधली आणि पट्टा सोडला तो त्याच्या आईने. आई म्हणजे तीच उशीवाली बेरेंगेला. तिचा धाकटा भाऊ पहिला एन्रिके १२१७ मध्ये, वय वर्षं तेरा, खेळताना डोक्यात कौल पडून गेला. राज्य बेरेंगेलाकडे आलं आणि तिने ते मुलाला दिलं. एन्रिकेही इथेच आहे. त्याच्या कवटीवर शस्त्रक्रियेची खूण सापडली.

१२५४ मध्ये इंग्लंडचा राजपुत्र एडवर्ड, पुढचा पहिला एडवर्ड, इथे येऊन सरदार झाला आणि कास्तीलची लेओनोर बायको म्हणून घेऊन गेला. राज्याभिषेक अकराव्या आल्फोन्सोचा, दुसऱ्या एन्रिकेचा, पहिल्या हुआनचा.

विसाव्या शतकातही मोह सुटला नाही. स्पेनच्या यादवी युद्धात बुर्गोस ही पुढे हुकूमशहा झालेल्या फ्रँकोच्या बाजूची राजधानी होती. १९३७ च्या डिसेंबरात त्याने आपल्या पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेचा शपथविधी ठेवला तो याच मठाच्या सभागृहात. मध्ययुगीन राजांच्या रांगेत स्वतःला बसवायची हौस, दुसरं काय. मार्गदर्शक बाई यावर फार थांबत नाहीत.

---

मांडवीतीर

पुढच्या वर्षी मुलीकडे माद्रिदला जाणार आहोत. बघायला किती वेळ ठेवावा? गुडघे बेताचे आहेत.

---

पायवाट

काकू (की काका?), बुर्गोसचा पूर्ण दिवस ठेवा. मठ फक्त मार्गदर्शकाबरोबर बघता येतो, तासाभराचा फेरा असतो आणि भाषा बहुधा स्पॅनिश, तेव्हा मुलीला बरोबर घ्या. सोमवारी बंद. आत बऱ्यापैकी सपाट आहे, पण फरशी जुनी आणि थंडी विलक्षण, जूनमध्येही शाल लागेल. कापडांच्या दालनात उजेड मंद असतो, चष्मा विसरू नका.

गुडघे साथ देत असतील तर तिथून आणखी पश्चिमेला 'ओस्पिताल देल रेय' बघा. आठव्या आल्फोन्सोनेच सान्तियागोच्या (वायव्य स्पेनमधलं तीर्थक्षेत्र) यात्रेकरूंसाठी काढलेलं रुग्णालय आणि धर्मशाळा, कारभार आबादेसेच्या हाताखाली. सोळाव्या शतकातली कोरीव लाकडी दारं बघायची, यात्रेकरूंची रांग कोरली आहे त्यांवर. आता तिथे बुर्गोस विद्यापीठाचा कायद्याचा विभाग भरतो. दार उघडं असतं, आत कॅन्टीनही आहे आणि कॉफी शहरातल्यापेक्षा स्वस्त.